उतारवयांतील शेतकरी : दुखणें, काम व माणसांचा सहवास

शेतकऱ्याच्या धंद्यास सेवानिवृत्तीचा दिवस ठरलेला नाहीं. कचेरींतील नोकराचें ठराविक वय भरलें कीं त्यास हार घालून निरोप देतात व दुसऱ्या महिन्यापासून त्याचें पेन्शन सुरू होतें. शेतकऱ्याची निवृत्ति कोणी जाहीर करीत नाहीं. ती घरांतल्या घरांत हळूहळू घडत असते. एका वर्षीं गुडघा सुजतो म्हणून औताशीं जाणें बंद होतें. पुढील वर्षीं डोळ्यांस अंधुक दिसतें म्हणून बाजाराचा व्यवहार मुलाकडे जातो. त्यापुढें दम लागतो म्हणून गोठ्यांतील कामही सुटतें. मुलें मायेनेंच म्हणतात, “आबा, पुष्कळ केलेंत, आतां नुसतें बसून राहा.” ह्या शब्दांतील प्रेमाविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु बसून राहण्याचा हा सल्ला बहुतेक वेळां प्रकृतीस अपायकारक ठरतो, व ज्याच्यासाठीं तो दिला त्याचें आयुष्य तो सुखाचें करीत नाहीं, हें आजच्या वैद्यकशास्त्रानें दाखवून दिलें आहे. दुखणें असतांनाही हालतें राहणें व माणसांत राहणें कसें साधावें, याचें विवेचन आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

प्रश्नाचें महत्त्व

१९४७ सालाच्या सुमारास आपल्या देशांतील सरासरी आयुर्मान सुमारें ३२ वर्षें होतें. आज तें ७० वर्षांच्या पुढें गेलें आहे. २०११ सालच्या खानेसुमारींत ६० वर्षें व त्यावरील वयाचीं माणसें १० कोटींहून अधिक भरलीं, व त्यांपैकीं सुमारें शेंकडा ७० खेड्यांत राहणारीं होतीं. म्हणजे म्हातारपण हा आतां एखाद्या घरचा अपवाद राहिलेला नसून बहुतेक प्रत्येक शेतकरी कुटुंबाचा नित्याचा प्रश्न झाला आहे. त्यांतच तरुण मुलें पुण्यास, मुंबईस अगर जवळच्या कारखान्यांत नोकरीस जातात, व घरीं वृद्ध जोडपें आणि त्यांची जमीन एवढेंच उरतें. अशा स्थितींत त्या जोडप्याचे हातपाय चालते राहिले तर घर चालतें. ते थांबले तर घर व शेत हीं दोन्हीही अडतात.

बसून राहण्यानें काय होतें

बैल दोन-तीन महिने खुंट्यास बांधून ठेवावा व एकदम जोखडास लावावा, म्हणजे तो चार तासांतच धापा टाकूं लागतो, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. मनुष्यदेहाचा नियम याहून निराळा नाहीं. अमेरिकेंत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सरासरी ६७ वर्षें वयाच्या ११ निरोगी माणसांस १० दिवस बिछान्यावर ठेविलें होतें. एवढ्या थोड्या अवधींत त्यांच्या पायांचें मांस सरासरी सुमारें एक किलोनें घटलें. ह्या माणसांस कोणताही रोग नव्हता. घट झाली ती केवळ पडून राहण्यानें. मग ज्याचा गुडघा आधींच दुखतो व ज्यास मधुमेह आहे, त्यानें महिनेच्या महिने ओट्यावर बसून काढले तर त्याचे पाय किती क्षीण होतील, याचा विचार वाचकांनींच करावा.

येथें दुष्टचक्र सुरू होतें. गुडघा दुखतो म्हणून चालणें कमी होतें. चालणें कमी झालें म्हणून मांडीचे स्नायू आंखडतात व दुबळे होतात. स्नायू दुबळे झाले म्हणजे शरीराचा भार सांध्यावर अधिक पडतो. व भार वाढला कीं दुखणें वाढतें. अखेर माणूस न्हाणीघरांत पाय घसरून पडतो, मांडीचें हाड मोडतें, व त्यानंतर त्याचें उठणें पुष्कळदां दुसऱ्याच्या हातीं जातें.

परंतु हें चक्र उलटही फिरवितां येतें. बोस्टन शहरांतील एका वृद्धाश्रमांत ८६ ते ९६ वर्षें वयाच्या दहा अशक्त माणसांकडून पायांच्या स्नायूंचा भार उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे करवून घेतला. त्याची हकीकत १९९० सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांनीं तो व्यायाम पुरा केला त्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें दुपटीहून अधिक वाढली. तात्पर्य, नव्वदीच्या वयांतही स्नायू कामास प्रतिसाद देतात, “आतां माझ्या वयास काय होणार?” हें म्हणणें शास्त्रास धरून नाहीं.

किती हालचाल करावी

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं याविषयीं नवे नियम प्रसिद्ध केले व त्यांत जुनाट रोग असलेल्या माणसांचाही विचार केला. ६५ वर्षांवरील माणसानें आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी. दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम करावा. व पडणें टळावें म्हणून आठवड्यांतून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असा त्यांचा सारांश आहे. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे : चालतांना शेजाऱ्याशीं बोलतां यावें, पण अभंग म्हणतां येऊं नये, इतपत दम लागावा. ही हालचाल एकदमच केली पाहिजे असें नाहीं. सकाळीं दहा मिनिटें, दुपारीं दहा, संध्याकाळीं दहा अशी वांटून घेतली तरी ती गणतींत येते. आणि ज्यास एवढेंही साधत नाहीं त्यानें जेवढें जमेल तेवढें करावें. कांहींच न करण्यापेक्षां थोडें करणें चांगलें, असें त्याच नियमांत स्पष्ट म्हटलें आहे.

शेतांत चालण्यास जागा आहे, परंतु शेतकाम केलें म्हणजे सर्व व्यायाम झाला असें समजूं नये. वाकून खुरपण्यानें कंबर शिणते. मांडीच्या स्नायूंस व तोलास त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. सबब पुढील तीन व्यायाम घरींच करावे. त्यांस कसलेंही साधन लागत नाहीं.

पहिला : भिंतीस टेकविलेल्या मजबूत खुर्चीवर बसून, हातांचा आधार शक्य तितका कमी घेऊन, सावकाश उभें राहावें व सावकाश बसावें. आरंभीं पांच वेळां, पुढें दहा वेळां.

दुसरा : खुर्चीवर बसूनच एक पाय गुडघ्यांत सरळ करून समोर धरावा, पांच अंक मोजावे, मग खालीं सोडावा. दोन्ही पायांनीं दहा-दहा वेळां. गुडघेदुखीच्या माणसास हा व्यायाम विशेष हितकर आहे.

तिसरा : ओसरीचा खांब धरून टाचा वर उचलाव्या व टेंकाव्या, नंतर एका पायापुढें दुसरा पाय, टाच व अंगठा लागून राहतील असा ठेवून दहा अंक उभें राहावें. हा तोलाचा सराव आहे. तो करतांना जवळ कोणी तरी असावें.

न्यूझीलंडमधील ओटागो येथें वृद्धांसाठीं अशाच घरगुती व्यायामांचा एक क्रम सिद्ध केलेला आहे; त्याच्या परीक्षणांत पडण्याचें प्रमाण सुमारें एक-तृतीयांशानें कमी झालेलें आढळलें.

रोगागणिक सावधगिरी

गुडघेदुखी : पाय पोटाशीं घेऊन उकिडवें बसणें टाळावें. खुरपतांना, धारा काढतांना व भाजी निवडतांना पाट अगर बुटका स्टूल घ्यावा. शौचास उंच आसनाची सोय करावी. खेड्यांत ती चैन समजली जाते, पण गुडघेदुखीच्या माणसास ती औषधाइतकीच आवश्यक आहे. शरीराचें वजन अधिक असल्यास तें उतरवावें. एक किलो वजन उतरलें तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं कमी होतो, असें मोजमापानें ठरलें आहे. काठी वापरण्यांत कमीपणा मानूं नये. मात्र ती दुखऱ्या पायाच्या बाजूस न धरतां दुसऱ्या बाजूच्या हातांत धरावी, व ताठ उभें राहून हात सैल सोडला असतां तिची मूठ मनगटाच्या सुरकुतीशीं यावी. पायऱ्या चढतांना चांगला पाय आधीं टाकावा, उतरतांना दुखरा पाय आधीं.

मधुमेह : ह्या रोगांत पायांची संवेदना कमी होते. काटा मोडला, ढेकूळ लागलें अगर चप्पल चावली तरी कळत नाहीं, व लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून मधुमेही शेतकऱ्यानें शेतांत अनवाणी जाऊं नये. मऊ तळाच्या व मागें पट्टा असलेल्या चपला वापराव्या, व रात्रीं निजण्यापूर्वीं दोन्ही तळवे दिव्याजवळ पाहावे. स्वतःस दिसत नसल्यास नातवंडांकडून पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट अशी कीं, गोळी अगर इन्शुलिन घेऊन न जेवतां शेतावर जाऊं नये. घाम, थरथर, अतिशय भूक व गोंधळल्यासारखें होणें हीं रक्तांतील साखर उतरल्याचीं चिन्हें आहेत. अशा वेळीं काम सोडून तीन-चार चमचे साखर पाण्यांतून घ्यावी व नंतर कांहीं खावें. शेतावर जातांना साखरेची पुडी खिशांत असूं द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र त्याच्या तोंडांत कांहीं घालूं नये. तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

रक्तदाब व हृदयविकार : बरें वाटतें म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करूं नयेत. पहाटे अंथरुणावरून एकदम उठून गोठ्याकडे धांवूं नये. प्रथम मिनिटभर बसावें, मग उभें राहावें. नाहीं तर भोंवळ येऊन पडण्याचें भय असतें. म्हातारपणीं तहान कमी लागते, म्हणून उन्हाळ्यांत तहानेची वाट न पाहतां पाणी पीत राहावें. डॉक्टरांनीं पाणी मोजून पिण्यास सांगितलें असल्यास त्यांचेंच ऐकावें. छातींत दाब, डाव्या हातांत अगर जबड्यांत कळ, थंड घाम व धाप यांपैकीं कांहीं झालें तर काम तेथेंच थांबवावें व १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यास हे रोग आहेत त्यानें नवा व्यायाम आरंभण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

डोळे व कान : मोतीबिंदू हा शस्त्रक्रियेनें बरा होणारा दोष आहे व सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. “आतां वाचायचें काय आहे?” असें म्हणून पुष्कळ माणसें ती टाळतात, पण डोळा केवळ वाचण्यास लागत नाहीं, बांधावरून तोल न जातां चालण्यासही लागतो. बहिरेपणाविषयीं पुढें सांगूं.

ह्या सर्वांस अन्नाची जोड हवी. वृद्धाच्या ताटांत भाकरी व कालवण असतें, पण डाळ, उसळ, दूध, ताक, अंडें यांचा भाग कमी असतो. स्नायू टिकण्यास प्रत्येक किलो वजनामागें रोज सुमारें एक ग्रॅम प्रथिन लागतें. दांत नसल्यास डाळ मऊ शिजवून घोटून द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं मात्र हें प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें.

कोणतें काम द्यावें

आतां आम्ही ह्या लेखाच्या मुख्य भागाकडे वळतों. व्यायाम हा शरीरासाठीं झाला. परंतु माणसास आपली गरज आहे असें वाटणें, ही निराळीच शक्ति आहे. कामांतून काढून टाकलेला शेतकरी सर्वांत प्रथम आपलें मत देण्याचें सोडतो. पेरणी केव्हां करावयाची, कोणतें वाण घ्यावयाचें, बैल विकावयाचा कीं ठेवावयाचा, हें सर्व त्याच्या समोर बोललें जातें, पण त्यास विचारलें जात नाहीं. म्हणून त्यास खोटें, मन रमविण्यापुरतें काम न देतां ज्यावर घरचा नफा-तोटा अवलंबून आहे असें काम द्यावें. अशीं बसून करण्याजोगीं कामें शेतींत पुष्कळ आहेत.

उदाहरणार्थ, बियाण्याची उगवणशक्ति तपासणें. घरच्या सोयाबीनचें सरसकट शंभर दाणे मोजून घ्यावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनीं मांडावे. गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवावें व ओल राखावी. सहा-सात दिवसांनीं उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावे. अशा तीन चांचण्यांची सरासरी काढावी. ती ७० अगर अधिक आली तर एकरीं ३० किलो बियाणें पुरतें. ६० आली तर ३५ किलो लागेल. व त्याहून फारच कमी आल्यास तें बियाणें पेरूं नये. ह्या कामास गुडघे लागत नाहींत. चिकाटी व नजर लागते. आणि तें चुकलें तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो, म्हणून त्यास मान आहे.

याच जातीचीं दुसरीं कामें अशीं : पिशव्यांत भाजीचीं रोपें अगर आंब्याचीं कलमें वाढविणें, दोन फूट उंचीच्या वाफ्यांत अगर कुंड्यांत, न वाकतां करतां येईल अशी परसबाग, रोजचा पाऊस मापकानें मोजून वहींत लिहिणें, मजुरी, खत व विक्रीचा हिशेब ठेवणें, जनावरांचें माजावर येणें, भरविणें व विणें यांच्या तारखा टिपणें, नातवास छाटणी व कलम शिकविणें. घरांतील वृद्ध स्त्रीसही हाच न्याय लागू आहे. जन्मभर जिनें बेवण राखलें, गाडग्यांतून बियाणें राखेंत जपलें, तिच्याकडून दुभतें व स्वयंपाकघर काढून घेतल्यावर तिची अवस्था पुरुषाहून अधिक पोरकी होते. तिच्या हातीं बियाण्याची कोठी तरी राहूं द्यावी. फवारणी, रात्रीचें पाणी देणें व मारक्या जनावराशीं झोंबी हीं कामें मात्र वृद्धांकडे कदापि देऊं नयेत.

माणसांत राहणें

एकटेपणा ही मनाची खंत आहे, रोग नव्हे, अशी पूर्वीं समजूत होती. ती आतां टिकत नाहीं. तीन लक्षांहून अधिक माणसांवरील १४८ अभ्यास एकत्र करून २०१० सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, ज्यांचे माणसांशीं संबंध दृढ आहेत त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षां सुमारें शेंकडा ५० नें अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानें २०२५ सालच्या अहवालांत, जगांत वर्षास ८ लक्ष ७१ हजारांच्या आसपास मृत्यु एकटेपणाशीं निगडित आहेत, असा अंदाज दिला आहे.

एकटेपणा म्हणजे घरांत दुसरें कोणी नसणें असेंच नव्हे. दहा माणसांच्या घरांतही बहिरा वृद्ध एकटाच असतो. त्यास एकदां सांगून ऐकूं येत नाहीं. दुसऱ्यांदा सांगणारा ओरडतो. तिसऱ्यांदा “कांहीं नाहीं, राहूं द्या” म्हणून विषय संपतो. कांहीं महिन्यांनीं तो विचारीतच नाहीं. उतारवयांतील बुद्धिभ्रंशाच्या टाळतां येण्याजोग्या प्रमुख कारणांत बहिरेपणाची गणना आज तज्ज्ञ करतात. यासाठीं कान तपासून घ्यावे, कित्येकदां केवळ मळानेंही ऐकूं येत नाहीं. श्रवणयंत्र मिळाल्यास रोज वापरावें. व घरच्या माणसांनीं ओरडण्यापेक्षां समोर बसून, तोंड दिसेल असें, सावकाश बोलावें.

आपल्या समाजानें चालणें व सहवास यांची जोड फार पूर्वींच घातली आहे. आळंदीहून पंढरीस जाणारी वारी पाहावी. कित्येक वृद्ध स्त्री-पुरुष दिंडीबरोबर पायीं चालतात; त्यांस चालवितें तें केवळ पायांचें बळ नव्हे, पुढें-मागें चालणारी ओळखीचीं माणसेंही चालवितात. ज्यास वारी झेपत नाहीं त्यानें देवळापर्यंतची रोजची फेरी चुकवूं नये. संध्याकाळचें भजन, पारावरची बैठक, सोसायटीची सभा, आठवड्याचा बाजार, ज्येष्ठ नागरिक संघ हीं सर्व ह्याच औषधाचीं मात्रा आहेत. ऑगस्ट २०२२ मध्यें राज्य परिवहनाच्या गाड्यांतून ७५ वर्षांवरील माणसांस राज्यांत मोफत प्रवासाची सवलत देण्यांत आली. तिचा उपयोग लेकीच्या गांवीं, जुन्या सोबत्याकडे, कृषिप्रदर्शनास जाण्याकडे करावा. उपचारांच्या खर्चाविषयींही, ऑक्टोबर २०२४ मध्यें ७० वर्षें व त्यावरील सर्वांस, उत्पन्नाची अट न ठेवतां, आयुष्मान योजनेखालीं कुटुंबामागें वर्षास ५ लक्ष रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तरतूद झाली. तिचें कार्ड काढून ठेवावें. अडचणींतील वृद्धांसाठीं १४५६७ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

एक इशारा

आमच्या लिहिण्याचा कोणी विपरीत अर्थ करूं नये. काम हें औषध आहे म्हणून म्हाताऱ्या बापास राबविण्याचा परवाना आम्ही देत नाहीं. पोटासाठीं सत्तरीच्या वयांत दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणारीं माणसें आमच्या गांवांत आहेत. त्यांस हवी आहे ती विश्रांति व पोटाची शाश्वति, व्यायामाचा उपदेश नव्हे. औषधास मात्रा असते. जें काम माणूस स्वतः निवडतो, हवें तेव्हां थांबवितो व ज्याबद्दल त्याचा मान राहतो, तेंच हितकर होय. तसेंच जे अंथरुणास खिळले आहेत त्यांस हीं कामें साधणार नाहींत. परंतु त्यांची खाट आंतल्या खोलींतून ओसरीवर आणतां येते, व पेरणीच्या आदल्या दिवशीं त्यांच्याजवळ बसून चार गोष्टी विचारतां येतात. आणि ह्या सर्वांचा भार घरांतील एकट्या सुनेवर पडूं नये, एवढें पुरुषमंडळींनीं पाहावें.

सभासदांस विनंति

पुढील पेरणीपूर्वीं प्रत्येक सभासदानें तीन गोष्टी कराव्या. घरांतील वृद्धांचे डोळे, कान, रक्तदाब व साखर हीं एकदां तपासून घ्यावीं. न्हाणीघरांत व पायऱ्यांशीं धरण्यास दांडा व रात्रीचा दिवा बसवावा. आणि घरच्या बियाण्याची उगवणशक्ति तपासण्याचें काम आपल्या वडिलांकडे अगर आईकडे सोंपवून, त्यांनीं जो आंकडा सांगितला त्याप्रमाणेंच पेरणीचें बियाणें धरावें. पहिल्या दोहोंस थोडा पैसा लागेल. तिसऱ्यास कांहींच लागत नाहीं. त्या आंकड्यावर घरानें विश्वास ठेविला हें त्यांस दिसलें, म्हणजे पुढील हंगामांत ते आपण होऊन विचारतील : “औंदा काय पेरायचं?”